हिमोग्लोबिन का वाढत नाही, हे आधी शोधा : मूत्रपिंडविकारतज्ज्ञांना खुलं पत्र

प्रति,
मूत्रपिंडविकारतज्ज्ञ, उपचारांच्या गाइडलाइन ठरवणाऱ्या समित्यांचे सदस्य आणि वैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या संस्था यांस,

सविनय नमस्कार.

मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात ॲनिमिया का होतो आणि झालेला ॲनिमिया आणखी कशाकशाने चिघळतो, यावर गेल्या पंचवीसेक वर्षांत उंदरांवर प्रयोग करून शास्त्रज्ञांनी पुष्कळ काही शोधून काढलं आहे. त्यातलं फार थोडं डायलिसिसच्या खाटेपर्यंत आलं. मी त्याबद्दल तुमच्यापैकी काहींना विचारलं, तेव्हा एकच उत्तर मिळालं : "ते उंदरांमधलं आहे." त्यापुढे बोलणं होत नाही. हे उत्तर मला मान्य नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

माझा या सगळ्याशी संबंध काय, ते आधी सांगते. माझ्या धाकट्या भावाला अल्पोर्ट सिंड्रोम आहे. या आनुवंशिक आजारात मूत्रपिंडाच्या गाळणीच्या पडद्याला लागणारं चौथ्या प्रकारचं कोलॅजेन सदोष बनतं, पडदा विरत जातो आणि शेवटी मूत्रपिंड काम करेनासं होतं. कानातही हेच कोलॅजेन असतं, त्यामुळे ऐकू येणंही कमी होतं. भाऊ कानाला यंत्र लावतो, तरी डायलिसिसच्या मशीनच्या आवाजात त्याला डॉक्टरांचं बोलणं नीट कळत नाही. राउंडच्या वेळी मी त्याच्या शेजारी उभी राहते, प्रश्न मी विचारते, फाइल मी सांभाळते. त्यामुळे त्याच्या रक्ताचे आकडे मला तोंडपाठ आहेत.

एका महिन्याचा रिपोर्ट आत्ताही माझ्यासमोर आहे. हिमोग्लोबिन ८.१. फेरिटिन, म्हणजे साठलेल्या लोहाचा अंदाज, १,१४०. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातून वापरासाठी वाहून नेलं जाणारं लोह, जेमतेम १३ टक्के. फॉस्फरस ७.४. चारही आकडे एकाच कागदावर, बोटभर अंतरात. ८.१ भोवती पेनने गोल केलेला आहे आणि शेजारी एरिथ्रोपोएटिनचा, म्हणजे लाल रक्तपेशी बनवायला लावणाऱ्या संप्रेरकाच्या इंजेक्शनचा, वाढवलेला डोस लिहिलेला आहे. फेरिटिन भरपूर दिसतं म्हणून लोहाचं इंजेक्शन थांबवलं गेलं. फॉस्फरसचा विषय आहारतज्ज्ञांकडे गेला आणि तिथे हाडं ठिसूळ होतील एवढं सांगून संपला. १३ टक्क्यांबद्दल कोणीच काही बोललं नाही. पुढच्या महिन्यात डोस आणखी वाढला, त्याच्या पुढच्या महिन्यातही. त्या काळात भाऊ अंघोळ करून आला की पलंगाच्या कडेवर बसून राहायचा. धाप ओसरली की मग शर्टाची बटणं लावायला घ्यायचा.

पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह (इन्फ्लमेशन) दाखवणारं रक्तातलं प्रथिन, तपासायला सांगितलं. ते बरंच वाढलेलं निघालं. शोधता शोधता दंडातल्या जुन्या, बंद पडलेल्या, वापरातून गेलेल्या ग्राफ्टमध्ये (डायलिसिससाठी रक्तवाहिन्यांना जोडलेल्या कृत्रिम नळीत) दबून बसलेला संसर्ग सापडला. ताप नव्हता, हात सुजलेला नव्हता, दुखतही नव्हतं. तो ग्राफ्ट काढला, आणि हळूहळू आधीपेक्षा कमी डोसवर हिमोग्लोबिन वर आलं. बंद पडलेला ग्राफ्ट, निकामी होऊनही शरीरात राहिलेलं प्रत्यारोपित मूत्रपिंड, लांबलेलं कॅथेटर या ठिकाणी असा छुपा दाह धुमसत राहतो आणि त्यामुळे एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन लागू पडत नाही, हे वैद्यकीय नियतकालिकांत वीस वर्षांपूर्वीच छापून आलेलं आहे. माझ्या भावाच्या बाबतीत तो शोध घ्यायला इतका उशीर का झाला, याचं उत्तर मला एका डॉक्टरांकडून नको आहे. पद्धतच तशी पडली आहे, आणि ती बदलणं तुमच्या हातात आहे.

मूत्रपिंड नीट चालत नसेल तर एरिथ्रोपोएटिन कमी बनतं, म्हणून ते बाहेरून द्यायचं. हे खरंच आहे, आणि या औषधाने असंख्य रुग्णांची रक्त चढवून घेण्यातून सुटका केली हेही मी विसरत नाही. पण या औषधाची मुळं कुठे आहेत? मूत्रपिंड काढून टाकलेल्या प्राण्यांमध्ये एरिथ्रोपोएटिन तयार होत नाही, हे जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये दाखवलं ते मुख्यतः रॅट जातीच्या उंदरांवर. त्यानंतर १९७७ मध्ये ते शुद्ध रूपात वेगळं झालं, १९८५ मध्ये त्याचं जनुक हाती आलं आणि १९८९ मध्ये अमेरिकेत औषध मंजूर झालं. त्या वेळी उंदरांत दिसलेली गोष्ट माणसाच्या उपचारापर्यंत नेण्याची चिकाटी कोणीतरी दाखवली होती. त्यानंतर सापडलेल्या गोष्टींच्या वाट्याला ती चिकाटी तेवढी का येत नाही, हा माझा प्रश्न आहे.

हेपसिडिनचंच घ्या. यकृतात बनणारं हे छोटं संप्रेरक लोहाचा कारभार पाहतं. २००१ मध्ये फ्रान्समधल्या एका गटाच्या उंदरांमध्ये अचानक लोह साठत चाललेलं दिसलं, आणि त्या उंदरांत हेपसिडिन बनतच नाही असं लक्षात आलं. पुढच्याच वर्षी त्याच गटाने हेपसिडिन जादा बनवणारे उंदीर तयार केले. त्यांची पिल्लं तीव्र ॲनिमिया घेऊनच जन्मली आणि बहुतेक लवकरच मेली. २००४ मध्ये नेमेथ, गान्झ आणि सहकाऱ्यांनी यामागची यंत्रणा उलगडली : पेशीतून लोह बाहेर सोडणारं फेरोपोर्टिन नावाचं एकच दार आहे, हेपसिडिन त्याला चिकटतं आणि दारच नाहीसं करतं. कोठार धान्याने भरलेलं आहे, पण कुलूप लागलंय, अशी शरीराची गत होते. फेरिटिन १,१४० आणि सॅच्युरेशन १३ याचा अर्थ बहुतेक वेळा हाच असतो.

मूत्रपिंडाच्या आजारात हेपसिडिन दोन्हीकडून वाढतं. एक तर ते लघवीवाटे बाहेर पडायचं, ते नीट पडत नाही. दुसरं म्हणजे शरीरात दाह असला की इंटरल्युकिन-६ सारखे रेणू यकृताला ते आणखी बनवायला लावतात. २०१६ मध्ये ॲडेनाइन खाऊ घालून मूत्रपिंडं बिघडवलेल्या उंदरांवर हे तपासलं गेलं. ज्यांच्यात हेपसिडिनचं जनुकच नव्हतं त्यांचा ॲनिमिया सौम्य राहिला आणि वाढही चांगली झाली. त्याच संशोधकांनी २०१९ मध्ये इंटरल्युकिन-६ नसलेले उंदीर घेऊन दाहाचा वाटाही दाखवला.

जपानमधल्या संशोधकांचं काम मला याहूनही महत्त्वाचं वाटतं. एरिथ्रोपोएटिन बनवणाऱ्या मूत्रपिंडातल्या पेशी आजारात मरून जातात, अशी समजूत होती. उंदरांत दिसलं ते वेगळंच. दाह आणि व्रण (जखम भरल्यावर राहतात तसे कडक तंतू) वाढत गेले की या पेशी आपलं काम सोडून व्रणाचे धागे विणायला लागतात. प्रयोगासाठी मूत्रमार्गात केलेला अडथळा वेळेत काढला तर त्यातल्या काही परत एरिथ्रोपोएटिन बनवू लागतात. ज्यांचा आजार अजून डायलिसिसपर्यंत आलेला नाही, त्यांच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे! माझ्या भावाला त्या टप्प्यावर याबद्दल कोणी अवाक्षर सांगितलं नव्हतं.

आता फॉस्फेट, म्हणजे रिपोर्टमधलं फॉस्फरस. या पत्राला खरं निमित्त झालं ते याचंच. २०२२ मध्ये 'ईलाइफ' या नियतकालिकात एक अभ्यास आला. त्यात निरोगी उंदरांना जास्त फॉस्फेटचं खाद्य दिल्यावर त्यांच्या यकृतात दाहाचे रेणू आणि हेपसिडिन वाढले, लोह अडकलं, रक्त कमी झालं आणि स्नायूही झिजले. पोषणद्रव्यात वाढवलेल्या यकृतपेशींवर नुसतं फॉस्फेट टाकलं तरी इंटरल्युकिन-६ आणि हेपसिडिनची जनुकं जागी झाली. आणि ज्या उंदरांचं फॉस्फेट कमी केल्यावर ॲनिमिया सुधारला, ते अल्पोर्टचे उंदीर होते. माझ्या भावाच्या पडद्यात ज्या कोलॅजेनचा दोष आहे, त्याच कोलॅजेनची एक साखळी नसलेले. तो निबंध मी शब्दकोश शेजारी घेऊन वाचला. त्यानंतर राउंडला विचारलं, की याचं फॉस्फरस सतत साताच्या वर आहे, त्याचा रक्ताशी काही संबंध असेल का? उत्तर काय मिळालं ते सुरुवातीला लिहिलंच आहे.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मलाही कळतं. उंदराची लाल पेशी ४० दिवसांच्या आसपास जगते, माणसाची १२०, आणि मूत्रपिंड निकामी झाल्यावर त्याहून कमी. गरज पडली की उंदराची प्लीहा मोठेपणीही रक्त बनवते, आपल्याकडे ते काम अस्थिमज्जेचं. शिवाय एका प्रयोगातलं उत्तर दुसऱ्यात तसंच येतं असं नाही. हाडांतून येणारं एफजीएफ-२३ हे संप्रेरक अडवल्यावर मूत्रपिंड बिघडलेल्या उंदरांचा ॲनिमिया सुधारल्याचं २०१८ मध्ये दिसलं. पण त्याआधी २०१२ मध्ये रॅटवर तेच संप्रेरक पूर्ण निष्प्रभ केलं, तेव्हा फॉस्फेट चढलं, रक्तवाहिन्यांत चुना साचला आणि जास्त प्राणी दगावले. म्हणजे उंदरांतलं उचलून सरळ रुग्णावर करून पाहा, असं मी म्हणतच नाही. हे पत्र वाचून कोणत्याही रुग्णाने स्वतःच्या मनाने औषध, लोह किंवा आहार बदलू नये. माझं म्हणणं इतकंच, की उंदरांत असं दिसलं तर पुढचं पाऊल काय, हे ठरवण्याची जबाबदारी तुमची आहे, आणि "ते उंदरांमधलं आहे" म्हटल्याने ती संपत नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात जड तक्रार डोसबद्दल. हिमोग्लोबिन वाढत नाही म्हणून डोस वाढवत राहणं धोक्याचं ठरू शकतं, हे काही उंदरांमधलं नाही, माणसांमधलं आहे. २००६ च्या 'कॉयर' चाचणीत हिमोग्लोबिन १३.५ पर्यंत नेण्याचं लक्ष्य असलेल्या गटात, ११.३ चं लक्ष्य असलेल्या गटापेक्षा मृत्यू आणि हृदयाच्या गंभीर घटना एकत्र मोजल्यावर जास्त निघाल्या. २००९ च्या 'ट्रीट' चाचणीत मधुमेह असलेले ४,०३८ रुग्ण होते. औषध मिळालेल्या गटात पक्षाघाताचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं. त्यानंतर केडिगो या मूत्रपिंडविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१२ च्या गाइडलाइनने सुचवलं, की सुरुवातीला औषध लागू पडत नसेल तर वजनानुसार ठरलेल्या पहिल्या डोसच्या दुपटीपुढे पुन्हा पुन्हा जाऊ नये आणि न लागू पडण्याची कारणं शोधावीत. हे तुम्हीच लिहिलेलं आहे. मग आमच्या फाइलमध्ये डोस वाढल्याच्या नोंदी ओळीने आहेत आणि कारण शोधल्याची एकही नाही, असं का?

दुसरी तक्रार तुकडे पाडण्याबद्दल. हिमोग्लोबिन एकाकडे, फॉस्फरस दुसऱ्याकडे, संसर्ग तिसऱ्याकडे, आणि डायलिसिस पुरेसं होतं आहे की नाही हे मशीन चालवणाऱ्या तंत्रज्ञांकडे. उंदरांवरच्या कामाने जर एखादी गोष्ट ठामपणे दाखवली असेल तर ती ही, की दाह, लोह, फॉस्फेट आणि हाडांची संप्रेरकं एकमेकांत गुंतलेली आहेत. लोह कमी पडलं की एफजीएफ-२३ वाढतं, दाहानेही वाढतं. पॅराथायरॉइड संप्रेरक बेसुमार वाढलं तर अस्थिमज्जेत तंतू माजतात. प्रत्येक डायलिसिसला थोडं थोडं रक्त वाया जातं, त्यातून वर्षाला साधारण १ ते ३ ग्रॅम लोह जातं. हे सगळं एका माणसाच्या शरीरात एकाच वेळी चाललेलं असतं. ते एकत्र बघणारा डॉक्टर आम्हाला नशिबाने भेटला. उपचार असे नशिबावर सोडता येत नाहीत.

तिसरी तक्रार निधी देणाऱ्यांबद्दल. नव्या रेणूच्या चाचणीला पैसा उभा राहतो. फॉस्फेट नीट आटोक्यात ठेवलं तर हिमोग्लोबिन सुधारतं का आणि इंजेक्शन कमी लागतं का, एवढा साधा प्रश्न विचारणारी चाचणी मात्र मागे राहते, कारण तिच्यातून विकण्याजोगं फारसं काही निघत नाही. रक्तात फॉस्फेट जास्त आणि हिमोग्लोबिन कमी या गोष्टी रुग्णांमध्ये बरोबरीने आढळतात, हे निरीक्षणांतून पुढे आलेलं आहे. पण कशामुळे काय होतं, ते निरीक्षणांतून ठरत नाही, त्यासाठी चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी लागते. उलट २०१९ च्या 'पिव्होटल' चाचणीकडे बघा. डायलिसिसच्या २,१४१ रुग्णांमध्ये शिरेतून लोह आधीच आणि सढळ हाताने द्यावं की वाट पाहून बेताने, एवढाच जुना प्रश्न होता. सढळ लोह मिळालेल्या गटात मृत्यू आणि हृदयाच्या गंभीर घटना कमी झाल्या आणि एरिथ्रोपोएटिनही कमी लागलं. साध्या प्रश्नाला पैसा दिला की असं उत्तर मिळतं.

उंदरांवरच्या प्रयोगांबद्दलही दोन शब्द. कितीतरी प्रयोग फक्त तरुण नरांवर होतात. ॲडेनाइनने नर आणि मादी सारखे आजारी पडत नाहीत, नरांना ते जास्त बाधतं. उंदरांच्या नेहमीच्या खाद्यात गरजेच्या कितीतरी पट लोह असतं आणि त्याचा आकडा निबंधात अनेकदा दिलेला नसतो. लोहाचाच अभ्यास आणि लोहाचाच आकडा गायब! ज्या प्रयोगातून काही निघालं नाही तो तर छापलाच जात नाही. एवढ्या प्राण्यांचा जीव घ्यायचा आणि त्यातून मिळालेली माहिती रुग्णाच्या कामी येण्याआधीच वाया घालवायची, हे मला पटत नाही.

माझ्या मागण्या सरळ आहेत.

एरिथ्रोपोएटिनचा डोस दुपटीकडे जायला लागला की कारणशोधाची नोंद फाइलमध्ये सक्तीची करा : सीआरपी, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन आणि फेरिटिन एकत्र वाचलेलं, पॅराथायरॉइड संप्रेरक, बी-१२ आणि फोलेट, रक्तस्राव, डायलिसिसची पर्याप्तता, चालू औषधं, आणि जुना ग्राफ्ट, कॅथेटर, दात, पाय इथे संसर्ग लपला आहे का याची तपासणी. यातलं बहुतेक काही महाग किंवा नवं नाही. प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्यांसाठी तर ही घाई हवीच, कारण डोस फसला की रक्त चढवावं लागतं आणि चढवलेल्या रक्तामुळे शरीरात अशी प्रतिपिंडं तयार होऊ शकतात की पुढे जुळणारं मूत्रपिंड मिळणं अवघड होतं.

फॉस्फेट आणि ॲनिमियावर माणसांमधली चाचणी हाती घ्या. ती उभी राहीपर्यंत फॉस्फेट कमी करण्याच्या ज्या चाचण्या आधीच झाल्या आहेत, त्यांतले हिमोग्लोबिन, हेपसिडिन आणि इंजेक्शनच्या डोसचे आकडे पुन्हा तपासा. लोह असलेल्या फॉस्फेट-बंधक औषधांनी हिमोग्लोबिन सुधारतं, ते लोहामुळे की फॉस्फेट उतरल्यामुळे, हेही वेगळं काढा.

प्रक्रिया केलेल्या पदार्थांत घातलेल्या फॉस्फेट क्षारांचं प्रमाण पाकिटावर आकड्यात छापलं जावं, यासाठी तुमच्या संघटनांनी नियामकांकडे जाहीरपणे मागणी करावी. नैसर्गिक अन्नातलं फॉस्फेट अर्ध्याच्या आसपास शोषलं जातं, हे क्षार मात्र जवळपास पूर्णच. घटकांच्या यादीत ४५० किंवा ४५१ असा क्रमांक वाचून रुग्णाने काय ठरवायचं?

उंदरांच्या प्रयोगांना पैसा देताना नर-मादी दोन्ही, वय, खाद्यातलं लोह आणि फॉस्फेट, आणि काहीच न निघालेले निकाल छापणं, या अटी घाला. प्राण्यांवरचे प्रयोग कसे मांडावेत याच्या 'अराइव्ह' सूचना २०१० पासून आहेत, २०२० मध्ये त्या सुधारल्याही गेल्या. त्या पाळल्या नाहीत तर पुढचा हप्ता थांबवा.

आणि गाइडलाइनचा पुढचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला कराल, तेव्हा त्यात ॲनिमिया चिघळवणाऱ्या प्रत्येक कारणापुढे माणसांमधला पुरावा किती आणि प्राण्यांमधला किती, हे आमच्यासारख्यांना समजेल अशा भाषेत लिहा. पुरावा अपुरा असेल तर अपुरा आहे असंच छापा, आणि तो पुरा करायला कोणता अभ्यास लागेल, तो कोण करणार आणि कधीपर्यंत, हेही त्याच पानावर येऊ द्या.

आपली,
डायलिसिसवर असलेल्या एका रुग्णाची बहीण